डोक्यात मराठी, तोंडात इंग्रजी: बोलताना नेमकं अडतं कुठे?

अकोले, पाथर्डी, जामखेड किंवा नेवासा. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा किंवा मुलगी. दहावीला इंग्रजीत चांगले मार्क, ‘डू ॲज डायरेक्टेड’चे प्रश्न तोंडपाठ, ॲक्टिव्ह व्हॉइसचं पॅसिव्ह व्हॉइस दोन मिनिटांत. हाच उमेदवार सुप्याच्या एमआयडीसीत किंवा पुण्यातल्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला बसतो. समोरून प्रश्न येतो, “टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ.” “आय...” एवढं म्हणून गाडी थांबते. काम येत असतं, मशीन कळत असतं, पण तोंड उघडत नाही आणि नोकरी दुसऱ्याला मिळते.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. म्हणजे त्यानंतर शाळेत गेलेल्या प्रत्येकाने दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरीही बोलताना अडतं, याची कारणं मुख्यतः दोन. मराठी आणि इंग्रजीची वाट नेमकी कुठे वेगळी होते, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. आणि दहा वर्षांत इंग्रजी लिहून खूप घेतलं जातं, बोलून फार कमी.

यातली दिलाशाची गोष्ट अशी की मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या चुका वाटेल तशा होत नाहीत. त्या ठरलेल्या जागी होतात. त्या जागा कळल्या की दुरुस्ती बरीच सोपी होते.

नगरला ही धडपड जुनीच

अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केलं १८३१ मध्ये. या मिशनच्या सिंथिया फरार १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्यासाठीचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत.

त्याच शतकातल्या दोन भावांची गोष्ट तर या विषयाला अगदी चपखल बसते. थोरले दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केलं. पुढे १८५० च्या दशकात ते नगरला डेप्युटी कलेक्टर होते. त्यांच्या व्याकरणाची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आहे. शाळेत मराठीच्या तासाला शिकवले जाणारे शब्दांचे आठ प्रकार, म्हणजे नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी, हे इंग्रजीतल्या आठ ‘पार्ट्स ऑफ स्पीच’शी जुळतात ते म्हणूनच. ज्याला मराठी व्याकरण येतं, त्याच्या हातात इंग्रजीची निम्मी चावी आधीच असते.

धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग मुंबईत राहत. ते प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी १७ वर्षांच्या रवींद्रनाथ टागोरांना त्यांच्या घरी ठेवण्यात आलं होतं. कारण एकच, इंग्रजी बोलण्याची सवय व्हावी. इंग्लंडला जाऊन आलेली आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी संभाषण शिकवत असे. पुस्तकातलं इंग्रजी रवींद्रनाथांना आधीच येत होतं. कमी होती ती रोज कुणाशी तरी बोलण्याची.

एका भावाकडे व्याकरण, दुसऱ्याच्या घरी संभाषण. आज शिकणाऱ्यालाही या दोन्ही गोष्टी लागतात. आधी व्याकरणातल्या अडणाऱ्या जागा पाहू, मग बोलण्याचा सराव.

१. क्रियापद शेवटी की आधी?

“मी उद्या सकाळी साडेआठच्या एसटीने श्रीरामपूरहून पुण्याला जाणार आहे.” या वाक्यात कोण, कधी, कशाने, कुठून, कुठे हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी क्रियापद येतं. मराठी बोलणाऱ्याला वाक्य सुरू करताना क्रियापद ठरवावं लागत नाही. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागे लागतं: “आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो मॉर्निंग.”

“आय...” म्हणून गाडी थांबते ती इथेच. डोकं सवयीने वेळ, ठिकाण, कारण गोळा करत असतं आणि इंग्रजी मात्र क्रियापद मागत असतं. उपाय सोपा आहे. बोलण्याआधी फक्त दोन शब्द ठरवायचे, कोण आणि काय करतो. “आय वर्क...”, “वी नीड...”, “माय फादर ग्रोज...” एवढं बाहेर पडलं की कुठे, कधी, कशाने हे एकेक करून मागे जोडता येतं.

२. “गेलो होतो” आणि “गेलो नाही”

मराठीत सहज म्हटलं जातं, “मी रविवारी शिर्डीला गेलो होतो.” त्यावरून तयार होतं, “आय हॅड गॉन टू शिर्डी ऑन संडे.” इंग्रजीत इथे साधा भूतकाळ पुरतो: “आय वेंट टू शिर्डी ऑन संडे.” भूतकाळातल्या दोन घटना असतील आणि त्यांतली आधीची दाखवायची असेल, तेव्हा ‘हॅड’ कामाला येतो: “व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.” आम्ही स्टँडवर पोहोचलो तेव्हा बस सुटली होती.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे “आय डिड नॉट वेंट.” “मी गेलो नाही” या मराठी वाक्यात भूतकाळ ‘गेलो’मध्ये आहे, म्हणून इंग्रजीतही ‘वेंट’ तोंडात येतं. इंग्रजीत मात्र भूतकाळाचं ओझं ‘डिड’ उचलतो. एकाने ओझं उचललं की दुसऱ्याने उचलायचं नाही: “आय डिड नॉट गो.” प्रश्नातही तेच, “डिड यू गो?”

तिसरी जागा ‘पासून’ची. मराठीत “२०१९ पासून” आणि “पाच वर्षांपासून” दोन्हीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीत सुरुवात सांगायची असेल तर ‘सिन्स’, आणि किती काळ हे सांगायचं असेल तर ‘फॉर’. शिवाय काम अजून चालू असेल तर “आय ॲम वर्किंग” न म्हणता “आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स ट्वेंटी नाइन्टीन” किंवा “फॉर फाइव्ह इयर्स” असं म्हणतात.

काल, गेल्या आठवड्यात, २०२३ मध्ये असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ टाळावा. “आय हॅव कम यस्टरडे” चूक, “आय केम यस्टरडे” बरोबर.

३. ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’

मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे वेळ नाही. मला ताप आलाय. मराठीत हे तीन प्रकार आहेत, इंग्रजीत तिन्हीकडे ‘हॅव’ चालतो: “आय हॅव टू ब्रदर्स”, “आय डोन्ट हॅव टाइम”, “आय हॅव अ फीवर”. यांत “आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स” असं म्हणू नये. जे असतं, माहीत असतं, आवडतं किंवा हवं असतं, त्याला सहसा ‘इंग’ लागत नाही. म्हणून “आय ॲम नोइंग हिम” नाही, “आय नो हिम.”

“मला भूक लागली” याचं मात्र “आय ॲम हंग्री” होतं आणि “मला पोहता येतं” याचं “आय कॅन स्विम”. मराठी वाक्य ‘मला’ने सुरू झालं तरी इंग्रजी वाक्य बहुतेक वेळा ‘आय’नेच सुरू करायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

४. मागे लागणारे शब्द आणि पुढे लागणारे शब्द

मराठीत ‘घरात’, ‘टेबलावर’, ‘नगरला’ असं शब्दाच्या मागे काहीतरी लागतं. इंग्रजीत ‘इन’, ‘ऑन’, ‘टू’ पुढे येतात. ही जागा बदलणं लवकर जमतं. अडचण होते ती मराठीत प्रत्यय आहे म्हणून इंग्रजीतही काहीतरी हवंच असं वाटतं तेव्हा.

“मी नगरला पोहोचलो” याचं “आय रीच्ड टू नगर” होत नाही, “आय रीच्ड नगर” होतं. “आम्ही त्यावर चर्चा केली” याचं “वी डिस्कस्ड अबाउट इट” नाही, “वी डिस्कस्ड इट.” “तिचं लग्न डॉक्टरशी झालंय” यात ‘शी’ आहे म्हणून ‘विथ’ लावला जातो, पण इंग्रजीत “शी इज मॅरीड टू अ डॉक्टर.” यांचा नियम शोधत बसू नये. क्रियापद आणि त्याच्या मागचा शब्द जोडीनेच पाठ करावा.

५. प्रश्न विचारताना

“तू कुठे चाललास?” या प्रश्नात शब्दांची जागा साध्या वाक्यासारखीच राहते. म्हणून तोंडात येतं, “व्हेअर यू आर गोइंग?” इंग्रजीत प्रश्न आला की सहायक क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढे येतं: “व्हेअर आर यू गोइंग?”

गंमत म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडी रद्द होते. “आय डोन्ट नो व्हेअर ही इज” बरोबर, “व्हेअर इज ही” तिथे चूक.

६. अ, ॲन, द

मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे ती गळणं साहजिकच आहे. “ती नर्स आहे” याचं “शी इज नर्स” होतं, हवं असतं “शी इज अ नर्स.” ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच सांगितलेल्या एका वस्तूला ‘अ’, तीच वस्तू पुन्हा आली की ‘द’: “आय बॉट अ फोन. द फोन इज नॉट वर्किंग.” नद्यांच्या नावांपुढे ‘द’ लागतो, “द प्रवरा”, “द गोदावरी”. गावांच्या नावांपुढे एरवी काहीच लागत नाही.

‘अ’ की ‘ॲन’ याचं उत्तर देवनागरीच देते. इंग्रजी शब्द जसा उच्चारतात तसा देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एसटी बस हे शब्द स्वराने सुरू होतात, म्हणून “ॲन अवर”, “ॲन ऑनेस्ट मॅन”, “ॲन एमबीए”, “ॲन एसटी बस”. युनिव्हर्सिटी ‘य’ने आणि वन-वे ‘व’ने सुरू होतो, म्हणून “अ युनिव्हर्सिटी”, “अ वन-वे रोड”. इंग्रजी स्पेलिंगकडे पाहून जिथे गोंधळ होतो, तिथे आपली लिपी सरळ वाट दाखवते.

७. ‘च’, ‘द्या’ आणि ‘पास आउट’

“मी नगरचाच आहे” यातल्या ‘च’साठी “आय ॲम फ्रॉम नगर ओन्ली” म्हटलं जातं. इंग्रजीत हा ‘च’ आवाजात असतो. ‘नगर’ या शब्दावर जोर दिला की झालं, ‘ओन्ली’ची गरज पडत नाही.

मराठीत आदर क्रियापदातच असतो, ‘दे’ आणि ‘द्या’. इंग्रजीत दोन्हीला ‘गिव्ह’. म्हणून “गिव्ह मी युवर नंबर” हे वाक्य मनात ‘द्या’ असूनही ऐकणाऱ्याला ‘दे’सारखं लागतं. अशा वेळी मराठीतलीच युक्ती वापरायची. “जरा नंबर देता का?” असं आपण प्रश्नातून विचारतोच. तसंच, “कुड यू गिव्ह मी युवर नंबर, प्लीज?”

“आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-थ्री” हे भारतात सगळ्यांना समजतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला मात्र त्याचा पहिला अर्थ ‘मी बेशुद्ध पडलो’ असाच लागण्याची शक्यता जास्त. परदेशी कंपनीशी बोलताना “आय ग्रॅज्युएटेड” किंवा “आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा” म्हणणं बरं.

८. उच्चार: विलायती आवाज नको, स्पष्ट हवा

मराठी बोलीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकारातला फरक जवळपास पुसला गेलाय. इंग्रजीत त्याने अर्थ बदलतो. ‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘लिव्ह’ म्हणजे राहणं, ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणं.

मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत त्या जागी दोन आवाज. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेस्ट’ म्हणताना ओठ गोल होतात आणि दात टेकत नाहीत. आरशासमोर पाच मिनिटं केलं तरी फरक कळतो.

तिसरी गोष्ट शब्दातल्या जोराची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या. नवा शब्द शिकताना मोबाइलवरच्या डिक्शनरीत उच्चार ऐकून जोर कुठे आहे ते पाहावं. नगरी हेल असला तर असू द्यावा. स्पष्ट आणि सावकाश बोललं की समोरच्याला समजतं.

मग सराव कसा करायचा?

पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणूस ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ घेऊन इंग्रजी शिकला. मराठी वाक्याचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करत व्याकरण पक्कं व्हायचं. पद्धत आजही उपयोगी आहे. पण ती वहीतली आहे, आणि भाषांतर करत बोलायला गेलं की वेळ लागतो. बोलण्याची सवय तोंडालाच लावावी लागते. त्यासाठी रोज २० मिनिटं पुरतात, फक्त रोज हवीत.

पहिली पाच मिनिटं कोणताही सोपा इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचावा. मनात वाचून जीभ वळत नाही.

पुढची दहा मिनिटं ऐकून मागोमाग बोलावं. ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’चा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम मोफत आहे आणि सोबत लिखित मजकूरही मिळतो. ब्रिटिश कौन्सिलचं ‘लर्नइंग्लिश’ आणि आकाशवाणीची इंग्रजी बातमीपत्रंही चालतात. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तसंच म्हणायचं.

शेवटची पाच मिनिटं स्वतःचा आवाज रेकॉर्ड करावा. आज काय केलं, हे एक मिनिट सांगायचं आणि ऐकायचं. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक पकडावी. पहिला आठवडा ‘डिड’चा, दुसरा ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा, तिसरा ‘अ’ आणि ‘द’चा. सगळ्या चुका एकदम पकडायला गेलं की पुन्हा तोंड बंद होतं.

शब्द आपल्या कामातले निवडावेत. मोटार वाइंडिंग करणाऱ्याला, नर्सला, कांद्याच्या व्यापाऱ्याला आणि हॉटेलातल्या मॅनेजरला लागणारी वाक्यं वेगळी असतात. आपल्या कामाची २० वाक्यं लिहून, एखाद्या शिक्षकाकडून तपासून, रोज म्हणावीत.

संधीही जिल्ह्यातच आहेत. शिर्डीला आंध्र, तेलंगण, तमिळनाडूतून भाविक येतात. कळसूबाई आणि भंडारदऱ्याला बाहेरच्या राज्यांतले ट्रेकर येतात. त्यांच्यातल्या अनेकांना मराठी येत नाही, हिंदीही जेमतेम. रस्ता सांगताना चार वाक्यं पुरतात: “गो स्ट्रेट. टर्न लेफ्ट आफ्टर द टेम्पल. इट्स अबाउट टेन मिनिट्स ऑन फूट. यू कॅन आस्क देअर अगेन.” त्यांच्यासाठीही इंग्रजी परकीच असते, त्यामुळे हसण्याची भीती इथे सगळ्यांत कमी.

घरात किंवा मित्रांत एक जोडीदार ठरवता आला तर उत्तम. रोज दहा मिनिटं फोनवर फक्त इंग्रजी. नियम एकच, समोरचा बोलत असताना चूक काढायची नाही, शेवटी सांगायची.

मुलाखतीसाठी पाच वाक्यं

वर सांगितलेल्या बऱ्याच जागा एकत्र करून स्वतःची ओळख अशी तयार करता येते:

“आय ॲम फ्रॉम राहुरी, इन अहिल्यानगर डिस्ट्रिक्ट. आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग इन ट्वेंटी ट्वेंटी-थ्री. आय हॅव बीन वर्किंग ॲट अ वर्कशॉप फॉर टू इयर्स. आय रिपेअर पंप्स अँड मोटर्स. आय वुड लाइक टू लर्न सीएनसी मशीन्स.”

प्रत्येक वाक्यात क्रियापद आधी आहे. संपलेल्या वर्षासोबत साधा भूतकाळ आहे, चालू कामासोबत ‘हॅव बीन’ आणि ‘फॉर’ आहे. एकही वाक्य लांब नाही. आपलं गाव, शिक्षण आणि काम घालून ही ओळख प्रत्येकाने स्वतःची करावी आणि किमान ५० वेळा मोठ्याने म्हणावी. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. जुन्या कागदपत्रांवर ‘अहमदनगर’ असेल आणि कुणी विचारलं, तर “फॉर्मर्ली अहमदनगर” एवढं सांगितलं की पुरतं.

आणि तरीही अडलंच तर गप्प बसण्याऐवजी ही तीन वाक्यं तयार ठेवावीत. प्रश्न कळला नाही तर “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” विचार करायला वेळ हवा असेल तर “लेट मी थिंक फॉर अ मोमेंट.” शब्द आठवत नसेल तर “आय डोन्ट नो द वर्ड, बट आय कॅन एक्सप्लेन.” मुलाखत घेणाऱ्याला उमेदवार अडला याचं फारसं काही वाटत नाही. अडल्यावर तो पुढे बोलतो का, हे तो पाहत असतो.